कार्ड घेताय? आधी एसएमपीएसचं स्टिकर वाचा!

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड स्वस्तात मिळतंय, मित्र म्हणतोय ‘घेऊन टाक’ आणि निम्मे पैसे जमलेतही. कुणाला ब्लेंडर शिकायचंय, कुणाचा फायनल इयरचा एआय प्रोजेक्ट अडलाय आणि कुणाला, खरं सांगा, व्हॅलोरंट खेळायचंय. हरकत काहीच नाही. पण तुम्ही अंबाजोगाईत असा, माजलगावात किंवा गेवराईत. संभाजीनगर नाहीतर पुण्याहून आणलेलं कार्ड चाललं नाही, तर बदलायला जाण्यात अख्खा दिवस आणि एसटीचं भाडं गेलंच म्हणून समजा. तेव्हा पैसे द्यायच्या आधी पीसीचा प्लग काढा आणि कॅबिनेटची एक बाजू उघडा.

आत कोपऱ्यात पत्र्याचा चौकोनी डबा दिसेल. तो एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘४५० वॅट’ लिहिलेलं असतं. त्याकडे सध्या बघू नका. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या समोर किती अँपिअर लिहिलेत ते शोधा आणि त्याला १२ ने गुणा. १६ अँपिअर असतील तर झाले १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज या १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतात. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींवर दाखवलेले असतात, ते कार्डाच्या काही कामाचे नाहीत. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ आलेल्या डब्यात ही गंमत हमखास सापडते. आणि त्या तक्त्यात १२ व्होल्टचा उल्लेखच नसेल, तर तो डबा मोठ्या कार्डाला लावायचाच नाही.

आता कार्डाची भूक बघू. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनची केबल आणखी ७५ देते, ८ पिनची १५०. जीटीएक्स १६५० हे ७५ वॅटचं कार्ड, त्यामुळे त्याची बरीच मॉडेल्स जादा केबलशिवाय चालतात. आरटीएक्स ३०६० मात्र १७० वॅट खातं. सोबत आय५ १२४००एफ असेल तर तो जोर लावल्यावर ११७ वॅटपर्यंत जातो. झाले २८७. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे पन्नासेक धरा. म्हणजे साधारण ३४०. मग एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा सप्लाय का सांगते? कारण कार्ड क्षणभर आपल्या आकड्याच्या बरंच वर उडी मारतं. तेवढ्यात एसएमपीएस कमी पडला की ऐन मॅचमध्ये पीसी धप्पकन बंद! बंद झाला तर नशीब म्हणा. स्वस्तातल्या डब्यांत ही सुरक्षा नीट नसेल तर तो जळताना मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो.

दुकानदार म्हणेल, ‘केबल नाही ना, कन्व्हर्टर लावून देतो.’ साटा केबलपासून ६ पिन बनवणारा तो कन्व्हर्टर घेऊच नका. साटाचं कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनलेलं असतं. तिथून ७५ ओढले की प्लास्टिक वितळायची भीती.

ऑफिसमधून निघालेले रिफर्बिश्ड डेल, एचपी घेतलेल्यांनी जास्तच जपून. त्यातले सप्लाय अनेकदा अडीचशे-तीनशे वॅटच्या आतबाहेरचे असतात. काहींचा आकार आणि पिना वेगळ्या, त्यामुळे बाजारातला नेहमीचा एसएमपीएस त्यात बसतच नाही. अशा मशीनला जादा केबल न लागणारं कार्डच बरं. कॅबिनेट बारीक असेल तर तेही लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं.

एसएमपीएसवर ‘८० प्लस’ दिसलं तर चांगलंच. पण ती खूण वीज किती कमी वाया जाते याची, ताकदीची नाही. नवा घ्यायचाच असेल तर वॉरंटी आणि बिलासकट घ्या. कार्ड जुनं चालेल, एसएमपीएस जुना नको. आणि जुना डबा घरी खोलून बघायचा मोह आवरा, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

राहिला यूपीएस. परळीला एवढं मोठं औष्णिक वीज केंद्र आहे, तरी लाइट जायची ती जातेच. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. वरच्या ३४० वॅटच्या पीसीला मॉनिटर जोडला की तो काठावर आला. गेम किंवा रेंडर चालू असताना लाइट गेली तर यूपीएससुद्धा लगेच मान टाकू शकतो. तेव्हा रात्रभर रेंडर लावणार असाल तर ऑटोसेव्ह चालू ठेवा.