खिशातला चाकू ‘खट्’ का करतो?

बहुउपयोगी स्विस चाकूचं पातं उघडताना आधी अडतं, मग ‘खट्’ करून ताठ होतं. बहुतेक मॉडेलांत आत कुलूप नसतं. मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी असते, तीच स्प्रिंग. पात्याचं बूड चौकोनी. चौकोनी डबा कोपऱ्यावर उभा राहत नाही, कुठल्या तरी बाजूवर बसतोच. तसंच पट्टीच्या दाबाखाली हे बूड सपाट बाजूवर स्थिरावतं.

१८९७मध्ये या चाकूचे निर्माते कार्ल एल्सनर यांनी दोनच स्प्रिंगांवर सहा अवजारं बसवली. स्प्रिंग आणि तिच्यावरची अवजारं यांचे थर वाढले, की जाडी आणि वजन वाढतं. म्हणून रोजच्या खिशाला दोन थर पुरेत. मात्र पातं खुपसायला वापरू नका. कुलूप नसल्यानं ते बोटांवर मिटू शकतं. जोर लावायचा असेल, तर कुलूपवालं पातंच निवडा.