कोणती वायर कुठे जाते?

मी कॉन्व्हेंटमधली, तेव्हा मराठीतल्या चुका पोटात घाला!

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलचं नेट गेलं. रजिस्टरमध्ये प्रत्येक स्विचचा नंबर होता, पण कोणती वायर कुठे जाते, याची नोंदच नव्हती. दोन तास नुसत्या वायरी ओढून पाहिल्या. स्टॉक रजिस्टर आणि कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट यांतला फरक मला तेव्हा कळला.

आयटीमध्ये सर्व्हर, सॉफ्टवेअर अशा नोंद ठेवण्याजोग्या प्रत्येक घटकाला ‘कॉन्फिगरेशन आयटम’ म्हणतात. त्याचं व्हर्जन काय आणि मुख्य म्हणजे तो कशावर अवलंबून आहे, हे सीएमडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. बदल केला की नोंद बदलायची, आणि नोंद अधूनमधून प्रत्यक्षाशी ताडून पाहायची.

नाही ताडली तर? अमेरिकेत शेअरचे व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल कंपनीचा नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर पोचला होता. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडला आणि आठव्यावरचा जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त तोटा!

आमच्या रजिस्टरमध्ये आता एक रकाना वाढलाय : ‘कशाला जोडलंय?’ तो भरायचं काम अर्थात माझ्याच गळ्यात पडलंय!