निरगाठ आणि सुरगाठ

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा. ०.९६चं वर्गमूळ घ्या, ते १ मधून वजा करा आणि उरेल ते निम्मं करा. उत्तर येईल ०.०१०१०२०५१४४३ आणि पुढे आणखी बरंच काही. आता दशांशचिन्हानंतरचे आकडे दोन-दोनच्या जोडीने वाचा : ०१, ०१, ०२, ०५, १४, ४३.

शेवटची जोडी खरी ४२ आहे. तिच्यामागून येणारी संख्या १३२. ती दोन घरांत मावत नाही, म्हणून तिचा हातचा एक ४२च्या डोक्यावर बसला. म्हणजे वर्गमूळाच्या पोटात दडलेली माळ अशी : १, १, २, ५, १४, ४२, १३२...

गणितवाल्यांना ही माळ भलत्याच ठिकाणांहून ओळखीची आहे. चार अक्षरांच्या गुणाकाराला कंस किती तऱ्हांनी घालता येतात? ५. षट्कोनाचे, कर्ण एकमेकांना छेदू न देता, त्रिकोणांत तुकडे किती तऱ्हांनी पडतात? १४. ऑयलर यांनी १७५१ मध्ये गोल्डबाख यांना लिहिलेल्या पत्रात बहुभुजांच्या या तुकड्यांची मोजदाद आहे. तरी नाव लागलं ते पुढच्या शतकातल्या कातालान या बेल्जियन गणितीचं. चीनमध्ये मिंगांतू या मंगोल गणितीने तर ऑयलरच्याही आधी याच संख्या साइनच्या श्रेणींमध्ये वापरल्या होत्या. नावांच्या बाबतीत गणिताचा इतिहास फारसा न्यायी नाही. असो.

प्रश्न असा, की कंस आणि षट्कोन ०.९६च्या वर्गमूळात शिरले कसे?

आपण जे बटणं दाबून केलं, ते एक गाठ सोडवणं होतं. कुठल्याशा क्षमधून त्याचाच वर्ग वजा केला आणि ०.०१ उरले, तर मूळचा क्ष कोणता? क्ष दिला की य काढणं सोपं : य = क्ष − क्ष². य देऊन क्ष मागितला की मात्र डोकं खाजवावं लागतं. या परतीच्या नियमाला व्यस्त फल म्हणतात. दुपटीची उलट निमपट, ती सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटली. आपली क्ष − क्ष² ही गाठ वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ असेल तर सुटते. पण अशी सूत्रं फार थोड्या गाठींना मिळतात. बाकीच्या निरगाठी.

निरगाठीसाठी एक युक्ती आहे, आणि ती आधी सोप्या गाठीवर करून पाहू. समीकरण फिरवून लिहा : क्ष = य + क्ष². उजवीकडे पुन्हा क्ष आहेच, म्हणजे जे शोधायचं तेच वापरायचं. हरकत नाही. य लहान असेल तर क्ष साधारण य एवढाच, असं धरून तो उजवीकडे घाला : य + य². हे नवं उत्तर पुन्हा उजवीकडे घाला : य + य² + २य³ आणि थोडा कचरा. पुन्हा घाला : य + य² + २य³ + ५य⁴ आणि पुन्हा थोडा कचरा. प्रत्येक फेरीत आणखी एक पद पक्कं होतं आणि एकदा पक्कं झालेलं पद पुढे कधी हलत नाही. यच्या जागी ०.०१ घातले की प्रत्येक पद दोन-दोन घरं उजवीकडे सरकतं आणि सहगुणक ओळीने कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर येऊन बसतात.

कंसांचं कोडंही इथेच उलगडतं. क्ष = य + क्ष·क्ष याचा अर्थ असा वाचा : प्रत्येक क्ष म्हणजे एक तर नुसता य, नाही तर दोन क्षची जोडी. जोडीतला प्रत्येक क्ष पुन्हा तसाच. उघडत जा, आणि चार य उरतील असे मार्ग मोजा. ते मार्ग म्हणजेच चार अक्षरांना कंस घालण्याच्या तऱ्हा. उलट वाट काढताना आपण नकळत मोजणी करत होतो.

ही कला न्यूटन यांना फार लवकर साधली होती. १६६९ मध्ये लिहिलेल्या ‘दे अनालिसी’ या पुस्तिकेत त्यांनी अपास्त वक्राखालच्या क्षेत्रफळाची श्रेणी घेतली : क्ष − क्ष²/२ + क्ष³/३ − क्ष⁴/४... आणि ती उलटी फिरवली. निघालं य + य²/२ + य³/६ + य⁴/२४. अधिक-उणेची खडखड गेली, आणि छेदांत १×२, १×२×३, १×२×३×४ असे गुणाकार सरळ रांगेत उभे राहिले. त्यांनी कमानीच्या लांबीची श्रेणी उलटवून साइनची श्रेणीही अशीच मिळवली. हीच साइनची श्रेणी केरळात माधव आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने दोनेक शतकं आधी काढली होती, पण त्यांची वाट वेगळी. त्यांनी काही उलटवलं नव्हतं.

न्यूटनच्या पद्धतीत चौथं पद हवं तर आधीची तीन काढावी लागतात. १७७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात लाग्रांज यांनी ही पायरी-पायरीची चढण काढून टाकली. लाग्रांज तेव्हा बर्लिनच्या अकादमीत होते. जन्म १७३६, तुरीनचा. तुरीन लक्षात ठेवा.

त्यांची कृती आपल्या गाठीवर अशी चालते. क्ष = य + क्ष² हेच क्ष = य × (१ + क्ष + क्ष² + क्ष³ + ...) असंही लिहिता येतं. य⁴चा सहगुणक हवा आहे? कंसाचा चौथा घात करा, त्यातला क्ष³चा सहगुणक उचला, चाराने भागा. झालं. इथे तो सहगुणक २०, भागिले ४, उत्तर ५. पुढच्या पदासाठी ७० भागिले ५, उत्तर १४. शंभरावं पद हवं तर थेट शंभरावं घ्या.

भागाकार कशाला? यावर मी बराच काळ अडलो होतो. मग कळलं ते असं. कंसाच्या चौथ्या घातातला क्ष³ म्हणजे चार डब्यांत मिळून तीन लाडू ठेवणं; त्याच्या तऱ्हा बरोबर २०. आता ते चार डबे गोल मांडा आणि एकेक घर फिरवत जा. प्रत्येक मांडणीची अशी चार रूपं होतात, आणि त्या चारांपैकी एकच रूप उलगडण्याच्या कामाचं असतं. वीस तऱ्हांचे पाच गट, प्रत्येक गटातून एक. लाग्रांजचा भागाकार म्हणजे डबे फिरवल्यामुळे झालेली दुबार मोजणी काढून टाकणं.

लाग्रांजना मात्र लाडू मोजायचे नव्हते, ग्रह शोधायचे होते. केप्लर यांनी १६०९ मध्ये ग्रहाच्या लंबवर्तुळाकार कक्षेचं समीकरण दिलं : म = क − उ × साइन क. इथे म म्हणजे गेलेला वेळ, कोनाच्या मापात मांडलेला. क म्हणजे ग्रहाची जागा सांगणारा कोन. उ ही उत्केंद्रता, म्हणजे कक्षा वर्तुळापासून किती ताणलेली आहे याचं माप; पृथ्वीची ०.०१६७, बुधाची ०.२०५६. ग्रह अमुक जागी कधी पोचेल हे या समीकरणातून चुटकीसरशी निघतं. ‘उद्या पहाटे ग्रह कुठे असेल’ हा उलटा प्रश्न ही अस्सल निरगाठ, आणि खगोलशास्त्रज्ञाला नेमका तोच प्रश्न रोज पडतो. ही गाठ सरळ रीतीने सुटणार नाही, असं स्वतः केप्लर यांचंच मत होतं. लाग्रांजच्या कृतीने श्रेणी मिळते : क = म + उ साइन म + (उ²/२) साइन २म + ... पृथ्वीसाठी दोन-तीन पदांत काम होतं.

हॅली धूमकेतूची उत्केंद्रता ०.९६७. तिथे ही श्रेणी भरकटते. ०.६६२७च्या आसपास एक सीमा आहे, तिला लाप्लास यांचं नाव आहे. तिच्या पुढे पदं वाढवत गेलात तर बेरीज थाऱ्यावर येईलच याची हमी नाही.

आपल्या लहान गाठीलाही सीमा आहे आणि ती डोळ्यांना दिसते. क्ष − क्ष² कितीही झालं तरी ०.२५ ओलांडत नाही. क्ष अर्ध्यावर आला की चढ संपून उतार लागतो. कॅल्क्युलेटरमध्ये य = ०.२६ घेऊन १ − ४यचं वर्गमूळ काढून बघा (य = ०.०१ असताना तेच ०.९६ होतं). वर्गमूळात उणे संख्या येते आणि पडद्यावर ‘एरर’. पण केप्लरच्या समीकरणात उ एकाहून लहान असेपर्यंत असा चढ-उतार कुठेच नाही. वेळ पुढे जातो, ग्रह पुढे जातो, परतीची वाट शेवटपर्यंत शाबूत आहे. मग श्रेणी ०.६६२७पाशी का अडावी?

१८३०च्या क्रांतीनंतर फ्रेंच गणिती कोशी यांनी नव्या राजाच्या निष्ठेची शपथ घेतली नाही आणि पॅरिस सोडलं. फिरत फिरत ते पोचले तुरीनला, लाग्रांजच्याच जन्मगावी. तिथे १८३१ मध्ये त्यांनी खगोलयांत्रिकीवरच्या निबंधात श्रेणी कुठवर चालते हे ठरवण्याची रीत मांडली. श्रेणीला नुसता रस्ता दिसत नाही. ती शून्याभोवती सगळीकडे सारखी पसरते, संमिश्र संख्यांच्या प्रतलातही, आणि कुठल्याही दिशेला पहिला अडथळा आला की सगळ्याच दिशांना थांबते. केप्लरच्या गाठीत तो अडथळा ०.६६२७ गुणिले उणे एकचं वर्गमूळ, इथे बसलेला आहे. तेवढ्या उत्केंद्रतेची कक्षा कुठल्याच ग्रहाला असू शकत नाही, कारण ती संख्याच कल्पित.

पुढे बेसेल यांनी तीच पदं वेगळ्या रीतीने गोळा केली, साइन म, साइन २म, साइन ३म अशा गटांनी. तशी मांडली की ती बेरीज प्रत्येक लंबवर्तुळासाठी जमते, २०६१ मध्ये परत येणाऱ्या हॅलीसाठीसुद्धा. पदं तीच, फक्त बेरजेचा क्रम बदललेला.