हृदयविकार झालेल्या कुत्र्याचं जेवण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्धा, आर्वी, हिंगणघाटच्या घरांत पामेरियन पुष्कळ दिसतात. उतारवयात या लहान जातींच्या हृदयाची झडप जाड होऊन गळू लागते. डॉबरमनसारख्या मोठ्या जातींत हृदयाचा स्नायूच अशक्त होऊन फुगतो. निदान झालं की घरचे मायेनेच अंडी-मटण बंद करतात आणि दूध-पोळी सुरू करतात.

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. प्रथिनांनी हृदयावर ताण येतो, हा गैरसमज आहे. हृदय निकामी होऊ लागलं की शरीर स्वतःचेच स्नायू झिजवतं. पाठीची, कमरेची हाडं हाताला लागू लागतात. अशा कुत्र्याला उकडलेलं अंडं, बिनमिठाचं चिकन हवंच. मूत्रपिंडंही बरीच बिघडली असतील, तरच डॉक्टर प्रथिनं कमी करायला सांगतात. वजन उतरलं म्हणजे हृदयाला आराम, हेही या टप्प्यावर खरं नाही.

भाकरीला घाबरायचं कारण नाही. २०१८मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चौकशी जाहीर केली, ती उलट धान्य वगळून वाटाणा-मसूर घातलेल्या तयार खाद्यांची. त्या खाद्यांमुळेच हृदयविकार होतो, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. पूर्ण शाकाहारी घरातल्या मोठ्या कुत्र्याचं हृदय फुगलं असेल, तर टॉरिनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. हा घटक मांस-मासळीत असतो, डाळ-भाकरीत जवळपास नसतोच.

आता मीठ. हृदयात नुसती घरघर ऐकू आली म्हणून लगेच मीठ पूर्ण तोडू नये. सुरुवातीलाच कडक पथ्य केलं तर शरीर उलट पाणी आणि मीठ धरून ठेवू लागतं. आजार वाढल्यावर मात्र हिशोब ठेवावा लागतो. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६०० कॅलरी लागतात. १०० कॅलरीमागे ८० ते १०० मिलिग्रॅम सोडियम धरलं, तर दिवसाचं ४८० ते ६०० मिलिग्रॅम होतं. चहाच्या एका चमचाभर मिठात सुमारे २३०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे चार दिवसांचा कोटा. शिवाय ते मीठ डब्यातून जात नाही. पाव, पापड, चीज आणि रविवारच्या सावजी रश्श्यातून जातं. रश्श्यातला कांदा-लसूण तर कुत्र्याच्या रक्तपेशीच फोडतो.

सैंधव चालतं, असं अनेकजण सांगतात. सैंधवही सोडियम क्लोराइडच. 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असतं. एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही हृदयाची औषधं चालू असतील तर या मिठाने रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

छातीत पाणी होतं म्हणून पिण्याचं पाणी तोडणं तर घातकच. लघवी वाढवणाऱ्या गोळीने पाणी सतत बाहेर जातं, त्यात वर्ध्याचा मे महिना. भांडं कायम भरलेलं ठेवा.

गोळी चीजमध्ये देण्याऐवजी उकडलेल्या रताळ्यात द्या. कुत्रा जेवणच सोडू लागला, किंवा शांत झोपेत त्याचे श्वास मिनिटाला ३०च्या वर जाऊ लागले, तर पदार्थ बदलून पाहण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.