वीज गेली, दार उघडेल का?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील मोठ्या भागाची वीज एकाएकी गेली. बिघाडांची साखळी सुरू झाली होती ती ठाणे जिल्ह्यातच, कळवा ते पडघा या अतिउच्चदाब वाहिन्यांवर. लोकल जागच्या जागी थांबल्या. रुग्णालयांनी जनरेटर सुरू केले. काही भागांत वीज दोन-तीन तासांत आली, काही ठिकाणी संध्याकाळ उजाडली.

अशा वेळी घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या टॉवरमध्ये किंवा डोंबिवलीतल्या पुनर्विकसित इमारतीत लिफ्टमध्ये असलेल्या माणसाचे काय होते, हे एका छोट्या बॅटरीवर ठरते. लिफ्टला ऑटोमॅटिक रेस्क्यू डिव्हाइस, म्हणजे मेंटेनन्सवाले ज्याला नुसते ‘एआरडी’ म्हणतात, ते बसवलेले असेल आणि त्याची बॅटरी धड असेल, तर केबिन हळूहळू जवळच्या मजल्यावर येते आणि दार उघडते. बॅटरी मेलेली असेल, तर आतला माणूस दोन मजल्यांच्या मध्ये लटकून राहतो. तो मधुमेही असेल, हृदयरुग्ण असेल किंवा शाळेतून एकटाच परत आलेला मुलगा असेल, तर त्या वीस-पंचवीस मिनिटांचे मोल वेगळेच असते.

दाराला बॅटरीचा आधार देण्याची ही साधी वाटणारी कल्पना अमेरिकेत एकदा कायदेमंडळात गेली आणि एकदा कोर्टात. दोन्ही ठिकाणी जे घडले, ते आपल्या सोसायटीच्या लिफ्टकडे पाहतानाही उपयोगी पडेल असे आहे.

पाच जीव आणि एक कायदा

अमेरिकेत बैठ्या घरांना लागून गाडीचे गॅरेज असते आणि त्याचे दार मोटरवर वर सरकते. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे भडकले. सांता रोझा शहराच्या वस्त्या रात्रीत जळाल्या, चाळीसहून अधिक लोक मेले. आगीबरोबर वीजही गेली होती. लोक गाडीत बसले, रिमोट दाबला, पण दार हलले नाही. गॅरेजचे दार न उघडल्यामुळे किमान पाच जणांना प्राण गमवावे लागले, असे नंतर तिथल्या कायदेमंडळापुढे मांडले गेले.

असे दार हाताने उघडता येते. मोटरच्या पट्टीवरून एक लाल मुठीची दोरी लोंबत असते, ती ओढली की दार मोटरपासून सुटे होते. पण दोरी उंचावर असते. अंधारात, धुरात, घाबरलेल्या वृद्ध माणसाला ती सापडेलच असे नाही. दार उचलण्याचे खरे काम मोटर करत नाही, वर ताणलेली स्प्रिंग करते. स्प्रिंग नीट असेल तर शंभर किलोचे दारही थोड्या जोराने वर जाते. ती सैल पडली किंवा तुटली असेल, तर पूर्ण वजन हातावर येते.

सप्टेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. १ जुलै २०१९ पासून राज्यात विकल्या वा बसवल्या जाणाऱ्या घरगुती गॅरेजच्या यंत्राला वीज गेल्यावरही चालणारी बॅटरी असलीच पाहिजे. नियम मोडल्यास प्रत्येक यंत्रामागे हजार डॉलर दंड.

बॅटरी कोणाच्या मालकीची?

हा कायदा होत असतानाच अमेरिकेतल्या कोर्टात अशाच बॅटरीवरून भांडण चालू होते. इलिनॉय राज्यातील चेंबरलेन ग्रुप ही गॅरेज उघडणारी यंत्रे बनवणारी मोठी कंपनी. समोर होती हाँगकाँगची टेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज. ती ‘रायोबी’ या नावाने ड्रिल, करवती अशी बॅटरीवर चालणारी हत्यारे विकते. टेक्ट्रॉनिकने गॅरेजचे यंत्र बाजारात आणले आणि त्यात एक सोय केली. ड्रिलला लागते तीच १८ व्होल्टची बॅटरी यंत्राच्या खाचेत बसवायची. ती तिथे चार्ज होत राहते, वीज गेली की दार चालवते आणि गरज पडली तर काढून ड्रिलला लावता येते.

चेंबरलेनने २०१६ मध्ये दावा लावला. तिच्याकडे २००९ मध्ये मिळालेले एक पेटंट होते. दार चालवणाऱ्या यंत्रालाच चार्जिंगची जागा जोडायची आणि तिथली बॅटरी दाराला आधार देईल, शिवाय इतर विजेच्या उपकरणांनाही चालेल, अशी ती रचना होती. दुसरे पेटंट २००७ चे. दार उघडे आहे की बंद, ही माहिती बिनतारी संदेशाने दूर कळवण्याबद्दलचे.

२०१७ मध्ये ज्युरीने दोन्ही पेटंटांचा भंग झाल्याचे ठरवले आणि ३८ लाख डॉलर भरपाई दिली. भंग जाणूनबुजून केला, या कारणाने पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी ती रक्कम तिप्पट केली आणि विक्रीला मनाई केली. टेक्ट्रॉनिक अपिलात गेली.

२१ ऑगस्ट २०१९ रोजी पेटंटांची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने दोन पेटंटांना दोन वेगळे न्याय लावले. बिनतारी संदेशाच्या पेटंटाबद्दल न्यायालय म्हणाले, एखाद्या वस्तूची स्थिती बिनतारी कळवणे ही नुसती कल्पना आहे. जुन्या, माहीत असलेल्या यंत्राला जुनीच बिनतारी सोय जोडल्याने शोध लागत नाही. तो दावा पेटंटास पात्रच नाही, असे ठरले. बॅटरीच्या पेटंटाचे मात्र तसे झाले नाही. हे सगळे आधीच्या एका दस्तऐवजात आले आहे, असा टेक्ट्रॉनिकचा युक्तिवाद होता. ज्युरीने तो नाकारला होता आणि अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मनाई आणि वाढवलेली भरपाई मात्र दोन्ही पेटंटांवर मिळून उभी होती. एक खांब पडल्यामुळे ती रद्द झाली आणि प्रकरण खालच्या कोर्टात परत गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे ठाण्यात वीज गेली त्याच महिन्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चेंबरलेनचा अर्ज ऐकण्यास नकार दिला.

मग जीव वाचवणारी वस्तू एका कंपनीच्या मुठीत गेली का? तसे नाही. ‘दाराला बॅटरी जोडा’ या कल्पनेची मालकी या पेटंटाने कोणालाही दिलेली नव्हती. मालकी होती ती एका ठरावीक जुळणीची, दाराची आणि हत्यारांची बॅटरी एकच करून तिला यंत्रावरच चार्ज करण्याची. ज्याला हे पेटंट टाळायचे, तो यंत्रात आपली वेगळी बॅटरी बसवून कॅलिफोर्नियाचा कायदा पाळू शकतो.

आपला कायदा काय म्हणतो?

पेटंट ज्या देशात मिळते त्याच देशात चालते. अमेरिकेतले पेटंट कल्याणच्या कारखानदाराला अडवू शकत नाही. त्यासाठी भारतात वेगळा अर्ज करून पेटंट मिळवावे लागते. त्याची मुदत अर्जापासून २० वर्षे. मुदत संपली की रचना सर्वांसाठी खुली होते.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ मध्ये ‘शोध नव्हे’ अशा गोष्टींची यादी आहे. माहीत असलेली साधने शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपापले जुनेच काम करत राहिले, तर त्या मांडणीला पेटंट नाही. म्हणजे रोलिंग शटरच्या मोटरशेजारी इन्व्हर्टर ठेवून त्याला ‘शोध’ म्हणता येणार नाही. दोन्ही मिळून काही नवे आणि सहज न सुचणारे काम झाले पाहिजे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भांडी लेथवर पकडण्याच्या साधनाबद्दलच्या खटल्यात हाच मुद्दा धरला होता. कुशल कारागिराला सहज सुचेल अशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असे सांगून ते पेटंट न्यायालयाने टिकू दिले नाही.

ही रेघ आखणे वाटते तेवढे सोपे नसते. मोटारसायकलच्या छोट्या इंजिनात दोन स्पार्क प्लग वापरण्याच्या पेटंटावरून पुण्याची बजाज ऑटो आणि तमिळनाडूची टीव्हीएस यांचे भांडण २००७ पासून चालले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच निमित्ताने असे खटले लवकर निकाली काढा, असे बजावले. तरी ते मिटायला २०१९ उजाडले, तेही तडजोडीने.

पेटंट टिकते, बॅटरी टिकत नाही

कोर्टातले प्रश्न काहीही असोत, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासाठी प्रश्न एकच असतो. बॅटरीत चार्ज आहे का?

आधाराच्या बॅटरीचे जगणे विचित्र असते. मोबाइलची बॅटरी रोज वापरली जाते, त्यामुळे ती कमजोर झाली की लगेच कळते. एआरडीची बॅटरी महिनोन् महिने नुसती चार्जवर बसून असते. ती खराब झाली तरी कोणाला पत्ता लागत नाही, आणि लागतो तो नेमका वीज गेल्यावर. यात बहुधा लेड-अॅसिड प्रकारच्या सीलबंद बॅटऱ्या वापरतात. गरमी हा त्यांचा मोठा शत्रू. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. लिफ्टची मशीन रूम गच्चीवर, वर तापलेला स्लॅब आणि एप्रिल-मेचे ऊन. तिथे बॅटरी लवकर थकली तर नवल नाही. ती चार्जविना बराच काळ पडून राहिली, तर प्लेटांवर सल्फेटचे कडक थर जमतात आणि मग ती पूर्ववत होत नाही.

दिलासा असा की बॅटरीला फार जोर लावावा लागत नाही. गॅरेजच्या दाराला जशी स्प्रिंग, तसे लिफ्टच्या केबिनला दुसऱ्या बाजूला काउंटरवेट असते. ते रिकाम्या केबिनपेक्षा जड आणि पूर्ण भरलेल्या केबिनपेक्षा हलके असते. म्हणून एआरडी केबिनला ज्या दिशेने जाणे सोपे, त्या दिशेने नेऊ शकते. एक-दोन माणसे असतील तर बहुधा वर, केबिन भरलेली असेल तर खाली.

सोसायटीने काय पाहावे?

लिफ्टला एआरडी आहे का, बॅटरी कोणत्या महिन्यात बदलली आणि शेवटची चाचणी कधी झाली, या तीन प्रश्नांची उत्तरे सेक्रेटरीच्या वहीत असावीत. चाचणी म्हणजे नुसते मीटरने व्होल्टेज मोजणे नव्हे. थकलेली बॅटरी भार नसताना बरे आकडे दाखवते आणि भार पडताच बसते. केबिन रिकामी ठेवून, मेंटेनन्सच्या माणसासमोर मुख्य वीजपुरवठा बंद करावा आणि केबिन मजल्यावर येऊन दार उघडते का, ते पाहावे. केबिनमधला दिवा, अलार्म आणि इंटरकॉमही त्याच वेळी तपासावा. मोटरवर चालणारे शटर किंवा पार्किंगचे गेट असेल, तर ते हाताने कसे उघडायचे हे वॉचमनला एकदा करून दाखवावे आणि त्याच्याकडून करून घ्यावे.

तरीही कोणी अडकलेच, तर आतल्या माणसाने दार ओढून उघडण्याचा प्रयत्न करू नये. केबिन हवाबंद नसते, त्यामुळे हवा संपण्याची भीती नको. खरा धोका असतो अर्धवट उघडलेल्या दारातून बाहेर पडताना शाफ्टमध्ये कोसळण्याचा. अलार्म वाजवावा, खाली बसावे, सावकाश श्वास घ्यावा. बाहेरच्यांनी आतल्या माणसाशी बोलत राहावे आणि लिफ्टच्या कंपनीला किंवा अग्निशमन दलाला बोलवावे. आत आजारी माणूस असेल तर ते फोनवर आधी सांगावे.

कॅलिफोर्नियात बॅटरी सक्तीची व्हायला पाच जीव जावे लागले. आपल्याकडे अनेक इमारतींत ती आधीच बसवलेली आहे. फक्त ती चालते का, हे पुढची वीज जाण्याआधी पाहायचे आहे.