वर सरकलेली पट्टी

रात्री लावलेलं यीस्ट सकाळी पातळ करून पुन्हा तीस अंशांवर, शेकरवर ठेवायचं. पेशी जोमाने वाढू लागल्या की फ्लास्कला ताज्या पावाचा वास सुटतो. मग फ्यूम हूडमध्ये त्यात एमएमएस घालायचं. हे रसायन डीएनएलाच इजा करतं, माझ्याही डीएनएला करेल.

दोन-तीन तासांनी सूक्ष्मदर्शकातून पाहावं. एरवी दर दीड तासाला दुप्पट होणाऱ्या या पेशी एकाच रूपात अडकलेल्या दिसतात: आई आणि जवळजवळ तिच्याएवढी झालेली कळी, दोघींत मिळून केंद्रक मात्र एकच. विभाजन ऐन वेळी रोखलेलं असतं.

रोखलं कोणी? १९८८ साली सिअ‍ॅटलमध्ये टेड वाइनर्ट आणि लेलंड हार्टवेल यांनी या प्रश्नाला हात घातला. रॅड९ हा जीन बिघडलेलं यीस्ट क्ष-किरणांनी फार मरत असे. त्याला डीएनए दुरुस्त करता येत नसावा, असं कोणालाही वाटलं असतं. त्यांनी पेशींना औषध देऊन काही तास बळेच थांबवलं, आणि कितीतरी अधिक पेशी जगल्या. दुरुस्तीची यंत्रणा शाबूत होती. थांबणं तेवढं जमत नव्हतं. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

थांबण्याचा हुकूम पेशीभर पोहोचवणारं प्रथिन म्हणजे रॅड५३, ८२१ अमिनो आम्लांचं कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम. इजेची चाहूल मेक१ या दुसऱ्या कायनेजला लागते, रॅड९ मध्यस्थी करतं आणि रॅड५३वर फॉस्फेट चढू लागतात. मग रॅड५३चे रेणू एकमेकांवरही फॉस्फेट चढवतात. हे डोळ्यांनी पाहायचं तर घाई करावी लागते, कारण पेशीतली दुसरी एन्झाइम्स ते फॉस्फेट उतरवायला टपलेली असतात. म्हणून नमुना काढताक्षणी टीसीए आम्लात टाकायचा; सगळं जिथल्या तिथे गोठतं. यीस्टची भिंत चिवट, ती काचेच्या बारीक मण्यांसोबत घुसळून फोडायची. गाळात जेलचा निळा रंग मिसळला की उरलेल्या आम्लाने तो पिवळा होतो. ट्रिस घालून निळा परत आणल्याशिवाय नमुना जेलवर चढवू नये, नाहीतर पट्ट्या वेड्यावाकड्या धावतात.

जेल सावकाश चालवायचं. फॉस्फेट चढलेलं रॅड५३ मागे रेंगाळतं. शेवटी ते फिल्मवर पट्टी होऊन उमटतं: धड पेशींची पट्टी खाली, रेखीव. इजा झालेल्यांची वर सरकलेली, पसरट. मेक१ काढलेल्या पेशींत ती जागची हलत नाही. (मेक१ काढून पेशी जगवायच्या तर एसएमएल१ हा जीनही काढावा लागतो.) माणसात रॅड५३चा नातेवाईक आहे सीएचके२, त्याच्या जीनमधल्या काही दोषांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मला ओढ आहे ती पट्टी पुन्हा खाली येते त्या वेळेची. गुणसूत्र एकाच ठिकाणी तुटलं आणि ती तूट कधीच सांधता येणार नसली, तर पेशी तासन्‌तास थांबते आणि मग तुटक्या गुणसूत्रानिशी विभागू लागते. त्याच सुमारास रॅड५३वरचे फॉस्फेट उतरतात. दोन ठिकाणी तुटलं असेल तर बहुतेक पेशी थांबूनच राहतात. एका आणि दोन तुटींतला हा फरक पेशी कसा ओळखते, ते शोधायला रात्रभर ठरल्या वेळी नमुने काढत बसावं लागतं; आणि त्यांतले पहाटेचे चुकवून चालत नाहीत.