मेद उतरला, त्वचा उरली

स्थौल्याचा रुग्ण चिकित्सालयाची पायरी चढतो तेव्हा त्याच्या मनात किलोंचा एक आकडा असतो. आणि खरे सांगावयाचे तर बहुतेक वेळा आपल्याही मनात तोच असतो. काटा खाली आला की रुग्ण समाधानी, वैद्य समाधानी आणि औषधालयाचे मालकही समाधानी. काटा खाली आल्यानंतर आरशात जे दिसते त्याविषयी मात्र आपल्या व्यासपीठांवर फारसे बोलले जात नाही. दंडाखाली लोंबणारी त्वचा, ओटीपोटावर उतरलेली घडी, बसलेले गाल आणि विंचरताना हाती येणारे केस हे सारे रुग्ण आपल्याला सांगावयास संकोचतो आणि आपण विचारावयास विसरतो.

या विषयाकडे आमचे लक्ष आमच्याच एका चुकीने वेधले. सुमारे नऊ वर्षांपूर्वी ४६ वर्षे वयाच्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. वजन ९४ किलो, गुडघेदुखी, जिना चढताना धाप. त्रिफळा व गुग्गुळाचे कल्प, नित्य रूक्ष उद्वर्तन, रात्री केवळ मुगाचे कढण अशी योजना आम्ही केली. बाईंची निष्ठा विलक्षण होती. पाच महिन्यांत २३ किलो वजन उतरले, आणि वैद्यांच्या एका बैठकीत आम्ही हे रुग्णवृत्त अभिमानाने मांडले. त्यानंतर बाई येईनाशा झाल्या. दीड वर्षाने आल्या तेव्हा वजन ९८ होते. आम्ही किंचित रागाने कारण विचारले. त्या म्हणाल्या, "भाचीच्या लग्नाला गेले तर जो तो विचारी, काय हो, शुगर निघाली का, एवढ्या कशा उतरलात? दंडाची कातडी ब्लाउजच्या बाहीखाली लोंबायची. जाडी होते तेव्हा निदान कुणी कीव तरी करत नव्हतं. असं होतं हे तुम्ही आधी सांगितलं असतंत तर मनाची तयारी केली असती."

या शेवटच्या वाक्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही ग्रंथ पुन्हा उघडले.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूल पुरुषाचे वर्णन करताना नितंब, उदर व स्तन यांच्या हलण्याचा उल्लेख केला आहे, तो आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेला असतो. म्हणजे शैथिल्य हे वजन उतरल्यावर नव्याने उत्पन्न होते असे नाही. ते स्थौल्यातच असते, मेदाने भरून निघाल्यामुळे झाकलेले राहते एवढेच. त्याहून महत्त्वाचा संदर्भ चिकित्सास्थानातील ग्रहणी अध्यायात आहे. तेथे वसा आणि सहा त्वचा यांची उत्पत्ती मांसधातूपासून सांगितली आहे. त्वचेचे थर सुश्रुताचार्य सात मानतात, चरक सहा. तो वाद येथे बाजूस ठेवू. आपल्या कामाचा मुद्दा हा की त्वचा ही मांसाचा उपधातू होय. मेद उतरविताना मांसही उतरविले तर त्वचेचा आधार आपण दोन्ही बाजूंनी काढून घेतो.

आणि मांस उतरतेच. आधुनिक मोजमापांनुसार केवळ आहार तोडून घटविलेल्या वजनापैकी साधारण एक चतुर्थांश भाग मेदेतर, म्हणजे मुख्यतः मांस व जल यांचा असतो. घट जितकी वेगवान आणि व्यायाम जितका कमी, तितका हा वाटा वाढण्याचा संभव अधिक. आमच्या शिक्षिकाबाईंच्या २३ किलोंत मांस किती गेले हे आम्ही मोजलेच नव्हते. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायातील मांसक्षयाची लक्षणे आठवली, तर नितंब, मान व उदर यांची शुष्कता डोळ्यांपुढे होती. त्याच अध्यायातील मेदःक्षयाची लक्षणे, म्हणजे सांधे कडकडणे, डोळ्यांची ग्लानी आणि थकवा, हीसुद्धा त्यांनी सांगितली होती. आम्ही ती 'पथ्याचा प्रारंभीचा त्रास' म्हणून बाजूला सारली.

त्वचेच्या अंगाने पाहता, तिला ताण सोसून पुन्हा मूळ आकारात आणणारे जे तंतू आहेत त्यांपैकी इलास्टिन हे बहुतांशी बालपण व तारुण्यापर्यंतच तयार होते. प्रौढपणी तुटलेले तंतू पूर्ववत भरून येत नाहीत. म्हणून पंचविशीतला तरुण १० किलो उतरवितो तेव्हा त्याची त्वचा बरीचशी आवरून येते, आणि पन्नाशीतील स्त्री ३० किलो उतरविते तेव्हा येत नाही. स्थौल्य किती वर्षे होते, किती वजन गेले, गर्भारपणे किती झाली, उन्हातले काम आणि तंबाखूचे धूम्रपान किती, यांवर फरक पडतो. गर्भिणीच्या किक्किसाचे वर्णन चरकांनी शारीरस्थानात केले आहे. ताणाने त्वचेवर उमटलेल्या त्या रेषा पुढे फिकट होतात, परंतु पुसल्या जात नाहीत, हे प्रत्येक सुईण जाणते. स्थौल्यातील ताणाचेही तसेच आहे.

आता उद्वर्तनाविषयी. वाग्भटांनी दिनचर्येत उद्वर्तनाचे गुण सांगताना मेदाचे विलयन, अंगांचे स्थिरीकरण आणि त्वचेचा प्रसाद यांचा उल्लेख केला आहे. यातील 'स्थिरीकरण' या शब्दावर आपल्यापैकी अनेकांनी फार मोठी इमारत उभारली आहे. आम्हीही उभारली होती. कुळीथ, यव, त्रिफळा, लोध्र यांचे प्रतिलोम उद्वर्तन त्वचेचा पोत सुधारते, स्वेद व दुर्गंधी कमी करते, अंगास हलकेपणा आणते, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. परंतु एक वीत लोंबणारी उदराची घडी उद्वर्तनाने वर गेलेली आम्ही आजवर पाहिलेली नाही. स्थिरतेचा दुसरा उल्लेख त्याच अध्यायात, व्यायामाच्या गुणांत येतो. अवयव वेगवेगळे उठून दिसणे व घट्ट असणे, ज्यास 'विभक्तघनगात्रत्व' म्हटले आहे, ते व्यायामाचे फळ सांगितले आहे. दोन्ही वचने एकत्र वाचावीत असे आमचे मत आहे. चूर्ण चोळणाऱ्या परिचारकाने रुग्णाचे मांस घडत नाही. ते ज्याचे त्यानेच घडवावे लागते. तालमीत उमेद घालविलेले, पुढे मेहनत सुटलेले वयस्क पैलवान ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगणे नको.

उलट वजन उतरून त्वचा पातळ व रूक्ष झाल्यावरही तेच खरखरीत उद्वर्तन चालू ठेवले तर वाताचा प्रकोप आपण ओढवून घेतो. खाज, भेगा, ओरखडे दिसू लागतात. आम्ही आता घट स्थिरावू लागताच उद्वर्तन थांबवून तिळतेलाचा किंवा बलातेलाचा सौम्य अभ्यंग देतो. त्याने त्वचा मऊ राहते आणि खाज शमते. इतकेच आम्ही रुग्णास सांगतो. तेलाने त्वचेचे क्षेत्रफळ घटत नाही.

त्या प्रसंगानंतर आमच्या पद्धतीत जे बदल झाले त्यांतला पहिला हा की पहिल्याच भेटीत रुग्णास बसवून शरीर कसे बदलेल ते सांगतो. चेहरा प्रथम उतरेल. नातलग प्रकृती विचारतील. दोन-तीन महिन्यांनी केस गळतील, ते बहुधा पुन्हा येतील. त्वचा काही ठिकाणी सैल पडेल आणि ती पूर्ण जाणार नाही. काही रुग्ण हे ऐकून परत येत नाहीत, हे मान्य करावयास हवे. दुसरा बदल वेगाचा. आठवड्यास अर्धा किलो, फार तर एक किलो. अतिवेगाने वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, हे कारणही त्यामागे आहे.

आहाराच्या बाबतीत आम्ही सर्वाधिक चुकलो होतो. चरकांनी स्थूलास गुरु परंतु अपतर्पण करणारे अन्न सांगितले आहे. आम्ही त्याचे भाषांतर 'पातळ कढण' असे करून ठेवले होते. भारतीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी प्रथिनांचे प्रमाण दर किलो वजनास ०.८३ ग्रॅम प्रतिदिन असे दिले आहे, आणि वजन घटविताना त्याहून काहीसे अधिक घ्यावे असे मत प्रचलित आहे. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅमांपलीकडे काही नसते. म्हणून आता घट्ट मुगाचे पिठले किंवा धिरडे, कुळीथ, मोड आलेली मटकी, ताक, आणि जे खातात त्यांच्यासाठी अंडे व मासळी ही आमच्या पत्रकात असतात. भाकरी यवाची किंवा नाचणीची, एकच. वृक्काचा विकार असलेल्या रुग्णास मात्र प्रथिने वाढविण्यापूर्वी तपासणी अनिवार्य.

व्यायाम अर्धशक्तीच, कपाळी व काखेत घाम आला की थांबावे. परंतु केवळ चालणे पुरेसे नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीवर जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, असे स्नायूंस भार देणारे कर्म आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस हवे. गुडघे दुखणाऱ्या बायकाही हे करू शकतात. दरमहा वजनाबरोबर आम्ही कंबर, दंड व मांडी यांचे माप घेतो आणि पाच वेळा खुर्चीवरून उठावयास किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहतो. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागत असतील तर शारीरिक कार्यक्षमता कमी मानावी, असा आशियाई तज्ज्ञगटाचा २०१९ चा निकष आहे. वजन उतरत असताना हे सेकंद वाढू लागले तर आम्ही लेखन औषध थांबवितो. रुग्ण कितीही नाराज झाला तरी.

मधुमेह वा रक्तदाबाची औषधे चालू असलेल्या रुग्णाचे वजन उतरू लागले की त्या औषधांच्या मात्रा त्याच्या डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. २०२५ साली टिर्झेपॅटाइड व सेमाग्लुटाइड यांची वजन घटविणारी साप्ताहिक इंजेक्शने भारतात विक्रीस आल्यापासून, ती घेणारे व 'चेहरा ओढला गेला' म्हणून तेल मागणारे रुग्णही येऊ लागले आहेत. त्यांना इंजेक्शन सोडावयास सांगणे आपले काम नव्हे. आहारातील प्रथिने व भारयुक्त व्यायाम हा सल्ला त्यांनाही तंतोतंत लागू पडतो.

औषधालयाच्या मालकांशी दोन शब्द स्पष्ट बोलावयाचे आहेत. सैल त्वचेच्या घडीत घाम साचून बुरशीचा संसर्ग होतो, विशेषतः पावसाळ्यात आणि मधुमेहींत. शस्त्रक्रियेने वजन घटविलेला एक तरुण आमच्याकडे आला तेव्हा पोटाच्या घडीखालची त्वचा लाल, पातळ व भेगाळलेली होती. दुकानातून विनाचिठ्ठी घेतलेले स्टेरॉइडमिश्रित मलम तो चार महिने लावीत होता. अशा मलमाने खाज दोन दिवसांत थांबते आणि दाद पसरत जाते. घडी कोरडी ठेवणे, सुती कापडाची पट्टी मध्ये घालणे आणि योग्य बुरशीनाशकासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविणे, एवढेच त्यास हवे होते. दुसरे असे की, प्रयत्न न करता ज्याचे वजन उतरले व कातडी सैल झाली असा गिऱ्हाईक बल्य चूर्ण मागावयास आला तर चूर्ण देऊन मोकळे होऊ नये. मधुमेह, क्षय, थायरॉइड किंवा अर्बुद यांचे ते पहिले लक्षण असू शकते.

'त्वचा आवळणाऱ्या' तेलांच्या बाटल्या फळीवर दिसतात. विक्रेते त्यांवर नफाही भरपूर देतात. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्य व स्त्रियांच्या वक्षस्थळाचा आकार हे दोन्ही विषय समाविष्ट आहेत, याचे स्मरण फलक लावण्यापूर्वी असावे. कायदा बाजूस ठेवला तरी, तीन महिने तेल चोळून घडी तशीच राहिलेली स्त्री पुन्हा त्या दुकानात येत नाही आणि आयुर्वेदाविषयी चार घरी काय सांगते, हे आपण जाणतो.

ज्या घडीमुळे चालणे, स्वच्छता वा झोप यांस बाधा येते, तिला शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. वजन किमान सहा महिने स्थिर राहिल्यावर, आणि वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यास साधारण वर्ष-दीड वर्षाने, रुग्णास सुघटन शल्यविशारदाकडे पाठवावे. व्रण राहतो, खर्च मोठा असतो, हेही सांगावे. नासिकासंधान शिकविणाऱ्या सुश्रुताच्या परंपरेतील वैद्यांनी अशी चिठ्ठी लिहिण्यात कमीपणा मानू नये.

शिक्षिकाबाईंची चिकित्सा आम्ही दुसऱ्यांदा हाती घेतली, या वेळी १४ महिने. १७ किलो उतरले आणि अद्याप दोन किलोंच्या फरकाने टिकून आहेत. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्या आल्या. बाही कोपरापर्यंत शिवून घेतली होती. ती जराशी वर सारून म्हणाल्या, "हे मात्र राहिलंच हो." आम्ही म्हटले, राहणारच होते. "हो, ते तुम्ही या खेपेला सांगितलं होतंत," असे म्हणून त्यांनी खुर्चीवरून पाच वेळा उठून दाखविले. नऊ सेकंद लागले.